भात, भाज्या आणि रक्तदाब

आज रणांगण नाही, पण सुरुवात युद्धकाळातलीच आहे. मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांना हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रूएन यांनी तपासलं. रक्तदाब निघाला १८६/१०८. इलाज काय, तर विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस आणि जेवणात मीठ कमी. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा रक्तदाब ३००/१९० होता. एवढ्या बलाढ्य फौजेच्या सरसेनापतीसाठी एक भरवशाची गोळी नव्हती!

त्याच देशात तेव्हा एक डॉक्टर नुसत्या जेवणावर हा आजार उतरवत होता. वॉल्टर केम्पनर हे जर्मनीतले ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडून १९३४ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात आले. त्यांचा आहार म्हणजे भात, फळं, फळांचा रस आणि साखर. मीठ, तेल, तूप बंद; सुरुवातीला भाज्याही नाहीत. दिवसाला सोडियम जेमतेम १५० मिलिग्रॅम. पाच ग्रॅम मिठातच ते सुमारे २००० मिलिग्रॅम असतं, यावरून अंदाज करा.

१९४२ मध्ये एका बाईंना त्यांनी दोन आठवड्यांनी यायला सांगितलं. त्यांच्या जर्मन उच्चारांमुळे बाईंनी ऐकलं दोन महिने, आणि तेवढे दिवस त्या भातावरच राहिल्या, असं सांगतात. परत आल्या तेव्हा रक्तदाब बराच उतरलेला होता आणि मोठं झालेलं हृदयही लहान झालं होतं. पुढे केम्पनरांनी ५०० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांना फरक पडला होता. टीकाही झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. तुलनेसाठी दुसरी तुकडीच नव्हती. शिवाय असं अळणी जेवण किती दिवस जाणार?

मग औषधं आली. १९४९ मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. आहार मागे पडला. शाकाहाऱ्यांचा रक्तदाब कमी असतो हे १९७० च्या दशकात बोस्टनच्या पाहणीत दिसलं, पण नेमकं कशामुळे, ते कळेना.

ते शोधायला डॅश नावाचा प्रयोग झाला. त्याचा अहवाल एप्रिल १९९७ चा. चार केंद्रं होती, त्यांत ड्यूकही. ४५९ माणसांना आधी तीन आठवडे नेहमीचं अमेरिकन जेवण दिलं, मग तीन गट करून आठ आठवडे ठरलेलं जेवण. रेशन सगळं प्रयोगाकडूनच. सर्वांना मीठ सारखं ठेवलं आणि वजनही हलू दिलं नाही. ही शिस्त मला फार आवडते, कारण इथे पळवाट उरत नाही. नेहमीच्या जेवणाच्या तुलनेत, भाज्या-फळं वाढवलेल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २.८ मिलिमीटरने उतरला. भाज्या-फळांबरोबर कमी स्निग्धांशाचं दूधदही होतं आणि एकूण चरबी कमी केली होती, त्या गटाचा ५.५ ने उतरला. त्यातही ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता, त्यांचा ११.४ ने! एका गोळीइतका हा फरक आहे, आणि तो दोन आठवड्यांतच दिसू लागला होता.

म्हणजे "मी रोज पालेभाजी खातो" एवढ्यावर भागत नाही. २००१ मध्ये ४१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला. त्यात हाच आहार ठेवून मीठही कमी केलं, तेव्हा रक्तदाब आणखी उतरला. आपल्या ताटात भाजी असतेच, पण शेजारी पापड, लोणचं आणि चटणीही असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते, आणि त्या हिशेबात लोणचंही धरायचं असतं.

एक सूचना. चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर भाज्या-फळांतलं पोटॅशियम अंगात साठू शकतं, त्यामुळे अशांनी डॉक्टरांना विचारूनच ताट बदलावं. पोटॅशियमचं मीठही तसंच.