जावा ॲरेमधील प्रकारसुरक्षा
जावा या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड आज्ञावली भाषेत चुकीच्या प्रकारच्या वस्तूचा वापर कंपायलर बहुतेक वेळा प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच रोखतो. या स्थिर तपासणीला ॲरे हा प्रसिद्ध अपवाद आहे.

'कुत्रा' हा 'प्राणी' या क्लासचा उपक्लास असेल, तर कुत्र्यांचा ॲरे हा प्राण्यांचाही ॲरे मानला जातो. या गुणधर्मास कोव्हेरियन्स म्हणतात. वाचताना काही बिघडत नाही, कारण प्रत्येक कुत्रा प्राणीच असतो. लिहिताना मात्र गफलत होते: प्राण्यांचा ॲरे घेणारी मेथड त्यात मांजर ठेवू पाहते आणि कंपायलरला त्यात काहीच वावगे दिसत नाही. चूक प्रोग्रॅम चालू असताना पकडली जाऊन 'ॲरेस्टोअरएक्सेप्शन' उद्भवते. चाचणीत ती ओळ एकदाही चालली नसेल, तर दोष थेट वापरकर्त्यासमोरच प्रकट होतो.

ही सवलत निष्काळजीपणातून आलेली नव्हती. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत जेनेरिक्स नव्हते. कोणत्याही वस्तूंच्या ॲरेची क्रमवारी लावणारी एकच मेथड लिहिता यावी, यासाठी ती उपयुक्त होती. सी शार्पनेही तोच नियम स्वीकारला.

२००४ मध्ये जावा ५ सोबत जेनेरिक्स आले. कुत्र्यांची लिस्ट ही प्राण्यांची लिस्ट मानली जात नाही, त्यामुळे तेथे मांजराची चूक कंपाइल करतानाच उघड होते. ॲरेचा जुना नियम मात्र कायम राहिला. जेनेरिक प्रकाराची माहिती कंपाइल करताना पुसली जाते, त्यामुळे ॲरेची वरील तपासणी तिच्यावर चालत नाही. म्हणून 'कुत्र्यांच्या लिस्ट'चा ॲरे निर्माण करण्यास जावात मनाई आहे.