ओस छावण्यांतील संसार

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. परंतु बॉम्बवर्षावात घरे गमावलेल्या ब्रिटिश कुटुंबांचा वनवास संपला नाही. १९४६ च्या उन्हाळ्यात स्कनथॉर्प येथील ओस लष्करी छावणीत काही कुटुंबे शिरली आणि हे लोण देशभर पसरले. ऑक्टोबरपर्यंत इंग्लंड व वेल्समधील १,०३८ छावण्यांत ३९,५३५ माणसे राहत होती. पडदे टांगून त्यांनी बराकींच्या खोल्या केल्या, कारभारासाठी समित्या नेमल्या. सरकारने बहुतेकांना राहू दिले. मात्र ८ सप्टेंबरला लंडनच्या केन्सिंग्टनमधील ‘डचेस ऑफ बेडफर्ड हाउस’ या रिकाम्या, उंची इमारतीत कुटुंबे शिरताच सरकारचा सूर पालटला. पुढाऱ्यांवर खटले झाले आणि पंधरवड्याच्या आत इमारत सोडावी लागली. पुष्कळ छावण्या पुढे नगरपालिकांनी भाडे घेऊन चालविल्या. ओस घरावर हक्क मालकाचा की निराश्रिताचा, हा वाद मिटला नाही. बराकींतील मुलांना छप्पर मात्र लाभले.