यंत्र आणि निगा

यंत्रांच्या इतिहासात शोधकाचे नाव ठळक अक्षरांनी लिहिलेले असते. यंत्र चालते ठेवणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच सापडत नाही. वस्तुतः ह्या दोघांत आपण मानतो तितके अंतर नाही. ग्लासगोच्या विद्यापीठात न्यूकमेनच्या वाफेच्या यंत्राची एक लहानशी प्रतिकृती होती. ती नीट चालेना, म्हणून १७६३-६४ च्या हिवाळ्यात ती जेम्स वॅट ह्या कारागिराकडे दुरुस्तीस आली. ती दुरुस्त करता करता वाफ किती वाया जाते हे त्याच्या ध्यानी आले, आणि १७६५ साली वाफ स्वतंत्र पात्रात थंड करण्याची कल्पना त्यास सुचली. एका युगास कारणीभूत झालेला हा शोध दुरुस्तीच्या बाकावर जन्मास आला. तेव्हा दुरुस्ती हे हलके काम व शोध हे थोर काम, हा भेद इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर मालवण तालुक्यातील धामापूरचे घ्यावे. विजयनगरच्या राज्याचा मांडलिक नागेश देसाई ह्याने १५३० साली तेथे मातीचा बांध घालून तलाव निर्माण केला. तळ्याकाठी भगवतीचे देवालय आहे, आणि जवळजवळ पाच शतके लोटली तरी पाणी आपल्या जागी आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय जलसिंचन व जलनिस्सारण आयोगाने ह्या तलावास जागतिक वारसा सिंचन रचनेचा मान दिला, तेव्हा वृत्तपत्रांनी देसायांचे स्मरण केले, हे योग्यच झाले. परंतु मातीचा बांध एकदा घातला म्हणजे तो आपल्या बळावर पाच शतके उभा राहत नाही. कोकणातील पावसाने त्यावर ओघळ पडतात, घुशी व खेकडे त्यात बिळे पाडतात, झाडांची मुळे आत शिरून पाण्यास वाट करून देतात. बांध टिकला ह्याचा अर्थ इतकाच की, पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी ओघळ बुजविले, बिळे भरली, रोपटे लहान असतानाच उपटून टाकले. त्या माणसांची नावे कोणत्याही लेखात नाहीत. तलाव बांधला एकाने, राखला असंख्यांनी.

जुन्या ग्रामव्यवस्थेत ह्या राखण्याच्या कामास निश्चित स्थान होते. विहिरीवरचा रहाट हे उदाहरण पाहावे. लाकडी चक्र, त्याचा आस, दोरांची माळ आणि तीत बांधलेली मातीची गाडगी, एवढीच त्याची सामग्री. त्यातील कोणता भाग कधी निकामी होणार हे सर्वांस ठाऊक असे. गाडगी फुटणारच, ती कुंभार देई. दात झिजणारच, ते सुतार बसवी. बलुतेदारीत जे अनेक दोष होते, आणि जातीच्या बेडीने कारागिराचे जे नुकसान झाले, ते झाकण्याचे कारण नाही. कोकणात ती देशावरच्याइतकी बांधीवही नव्हती. परंतु तिच्यातील एक तत्त्व विचार करण्याजोगे आहे. सुतारास मोबदला मिळे तो एकेका खेपेचा नव्हे, तर वर्षाचा. आणि तो सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. अवजार वारंवार मोडावे ह्यात त्याचा काडीचाही लाभ नव्हता. ते टिकावे ह्यातच त्याचे हित होते. दुरुस्ती करणाराचे हित व अवजार वापरणाराचे हित एका दिशेस जावे, अशी ही योजना होती.

आणि निगेस तिथीही नेमून दिलेली होती. आश्विनातील खंडेनवमीस शस्त्रांची व अवजारांची पूजा करावयाची, ही रूढी आपण सर्व जाणतो. पूजा करावयाची म्हणजे अवजार आधी बाहेर काढले पाहिजे, त्याचा गंज घासला पाहिजे, सैल दांडा ठोकून बसविला पाहिजे, तेलाचा हात दिला पाहिजे. नांगराचे काम सरलेले, पावसाळा ओसरत आलेला, ओलाव्याने लोखंडास तांब चढलेली, अशा नेमक्या वेळी ही तिथी येते. रूढीच्या मुळाशी कोणाचा हेतू काय होता हे सांगणे धाडसाचे होईल. परंतु परिणाम असा खास झाला की वर्षातून एकदा घरातील प्रत्येक अवजारावरून मालकाचा हात फिरे.

लोखंडी यंत्रांच्या आगमनाने हे जुने नाते बदलले. हा बदल आपल्या प्रांतात ज्यांनी घडविला त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव अग्रभागी आहे. १८८८ साली बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी सुरू केले ते सायकलींचे दुकान. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली, १९०३ साली लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली औंधच्या संस्थानिकांच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमीन विषारी होईल ह्या समजुतीने शेतकरी आरंभी नांगरास हात लावीनात, ही कथा सुप्रसिद्ध आहे. परंतु शेतकऱ्याच्या संकोचामागे आणखी एक शहाणपणाची शंका असणे अशक्य नव्हते: हा मोडला तर जोडणार कोण? लाकडी नांगर गावचा सुतार नीट करी, फाळ लोहार पाजवी. बिडाचा भाग मात्र ऐरणीवर ठोकून सांधता येत नाही. तो तडकला की कारखान्यातून दुसराच आणावा लागतो. ‘सुटे भाग’ हा शब्द आपल्या भाषेत रुळला तो ह्या नव्या परावलंबनाची खूण म्हणून. पुढे तेलावर चालणारी एंजिने विहिरींवर आली आणि गावोगाव एक नवा बलुतेदार उदयास आला. त्याचे नाव मिस्त्री. बलुते मात्र त्यास नव्हते; मोबदला प्रत्येक बिघाडामागे.

आज धामापूरसारख्या गावी पावसाळा सरता सरता आंब्याकाजूच्या बागांतून गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज ऐकू येतो. हे लहानसे पेट्रोलचे यंत्र काही आठवडे राबते आणि मग पडवीच्या कोपऱ्यात महिनोन् महिने पडून राहते. त्याचा एक भाऊबंद हजारो कोसांवर, उत्तर अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या घरी, गाड्यांच्या खोलीत उभा असतो. तो म्हणजे बर्फ उडविण्याचे यंत्र. त्याचा इतिहासही मनोरंजक आहे. आगगाडीच्या रुळांवरील बर्फ फिरत्या चक्राने दूर करण्याची कल्पना १८६९ साली टोरांटोच्या एका दंतवैद्याने मांडली. रस्त्यावर चालणारे यंत्र कॅनडातील आर्थर सिकार ह्याने १९२५ साली सिद्ध केले. आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते आकाराने लहान होऊन घरोघर गेले. त्यांतील साध्या, एकटप्पी प्रकारात एकच फिरते पाते बर्फ ओढते आणि तेच तो नळीवाटे दूर फेकते. पात्याच्या रबरी पट्ट्या जमिनीस घासून झिजतात, पट्टा ढिला पडतो, खालची खरवडपट्टी बोथट होते. ह्या तिन्ही वस्तू थोड्याशा हत्यारांनी घरी बदलता येतात, आणि तेवढे केले तर वीस-पंचवीस वर्षांचे जुने यंत्रही आपले काम करते.

कोकणातले यंत्र आणि हिमप्रदेशातले यंत्र ह्यांचा आजार एकच आहे, आणि तो श्रमाचा नसून विश्रांतीचा आहे. टाकीत उरलेले पेट्रोल महिनोगणती पडून राहिले की उडून जाते व मागे चिकट राळ ठेवते. कार्ब्युरेटरची सुईच्या अग्राएवढी छिद्रे तिने बुजतात, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी दोरी कितीही ओढली तरी यंत्र दाद देत नाही. त्यात इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याकडे २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि कोकणच्या हवेत ओलाव्यास तोटा नाही. उपाय तितकाच साधा आहे. हंगाम सरताच टाकी रिकामी करावी, उरलेले पेट्रोल संपून यंत्र आपोआप थांबेपर्यंत ते चालू द्यावे, ठिणगीचा प्लग काढून भोकात थोडे तेल सोडून दोरी हळू ओढावी, हवेची जाळी धुवावी. पात्यास हात लावण्यापूर्वी प्लगची तार काढून ठेवण्यास मात्र कधी विसरू नये. ह्या हयगयीने बोटे गमावलेली माणसे थोडी नाहीत. अर्ध्या तासाचे हे काम म्हणजे, पाहिले तर, खंडेनवमीच होय.

परंतु केवळ मालकाची इच्छा आता पुरेशी नाही. भाग मिळाला पाहिजे, नकाशा मिळाला पाहिजे, आणि यंत्र उघडता येईल असे घडविलेले असले पाहिजे. पुष्कळ नवीन यंत्रे अशी घडविलेली असतात की ती उघडण्यापेक्षा फेकून देणे स्वस्त पडावे. जुन्या सुताराचे हित अवजाराच्या दीर्घायुष्यात होते. आजच्या विक्रेत्याचे हित त्याच्या अल्पायुष्यात आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ ह्या विषयावर समिती नेमली आणि तिच्या कक्षेत शेतीच्या यंत्रांचा समावेश केला, तो ह्याच कारणाने. हक्क कागदावर आला म्हणजे तो पदरात पडला असे नव्हे. ज्या समाजातून दुरुस्ती करणारे हातच नाहीसे झाले, त्यास दुरुस्तीचा हक्क देऊन काय उपयोग? आमच्या सुशिक्षित घरांत मुलगा एंजिनियर व्हावा अशी हौस असते. परंतु त्याच्या हाताला तेलाचा डाग लागला तर ते कमीपणाचे वाटते. वॅट आणि किर्लोस्कर ह्यांची चरित्रे आम्ही मुलांच्या हाती देतो; पाना मात्र देत नाही.

संस्कृतीचे मोजमाप तिने काय निर्माण केले ह्यावरून करण्याची आपणांस सवय आहे. तिने काय राखले हाही प्रश्न विचारला पाहिजे. निर्मितीस प्रतिभा लागते, आणि ती दैवाधीन आहे. निगेस लागते ते लक्ष, आणि ते कोणासही देता येते. धामापूरच्या बांधाने हेच पाच शतके सांगितले आहे.