हौसेचे मोल

‘हौसेला मोल नाही’ अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. हौस पुरवायची म्हटली की माणूस खर्चाचा विचार करीत नाही, एवढाच तिचा सरळ अर्थ. परंतु हौसेला बाजारात मोल मिळू शकते का, आणि मिळालेच तर ते कोण चुकते करतो, हा प्रश्न म्हणीच्या कक्षेबाहेरच राहतो. आवडीच्या कामातूनच पोट भरावे, असा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. त्याच्या पुष्ट्यर्थ यशस्वी माणसांची नावे दिली जातात आणि मधली वर्षे गाळली जातात. आम्हांस या गाळलेल्या वर्षांतच अधिक रस आहे. म्हणून महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासातील दोन परिचित माणसांकडे येथे पुन्हा एकदा पाहावयाचे आहे.

१८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दोन तरुणांनी प्रवेश घेतला. एक बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, दुसरा त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके. दोघांच्याही घरी परंपरा संस्कृत विद्येची. दोघांनाही चित्रकलेचा नाद. त्या काळच्या घरांत ‘नाद’ हा शब्द कौतुकाने क्वचितच उच्चारला जाई. नादी लागणे म्हणजे वाया जाणे. नोकरी ही प्रतिष्ठा, व्यापार हे दुसऱ्या जातींचे काम आणि हातांना तेल-काजळी लावून घेणे तर त्याहून खालचे, अशी पांढरपेशा समाजाची उतरंड होती. त्या उतरंडीतून हे दोघे खाली उतरले आणि पुढे मराठी समाजाने दोघांनाही डोक्यावर घेतले. मात्र त्यांचे मार्ग इतके भिन्न होते की त्यांना एकाच उपदेशाचे दाखले म्हणून वापरणे योग्य होणार नाही.

लक्ष्मणरावांना अंशतः रंगांधत्व होते. ही गोष्ट ध्यानात आल्यावर चित्रकलेची वाट बंद झाली. परंतु रेखाटनाचा हात तयार होता आणि यंत्रांची ओढ जुनीच होती. त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. फावल्या वेळात ते यंत्रशाळेत रमत, यंत्रांवरची पुस्तके वाचीत आणि मग कोणी सायकल चालविताना पाहिले म्हणून सायकलीच्या नादी लागले. सायकल ही त्या काळी नवलाईची आणि महागडी वस्तू. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. बेळगावात वडील बंधू रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला चालवावयास शिकवीत. शिकवण्याचे शुल्क पंधरा रुपये. १८८८ साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी लागली ती या दुकानावर.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, दुकान सुरू झाले तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडलेली नव्हती. पुढे काही वर्षे मुंबईचा पगार आणि बेळगावचे दुकान बरोबरीने चालले. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास नेमले गेले तेव्हा ते राजीनामा देऊन बेळगावास परतले. तोवर परतण्यासाठी एक जागा तयार झालेली होती. दुसरी गोष्ट रामूअण्णांची. नाद धाकट्याचा, पण गल्ल्यावर बसणारा थोरला. दुकानाच्या पाटीवरील ‘ब्रदर्स’ हा शब्द शोभेचा नव्हता.

यानंतर लक्ष्मणरावांनी जे केले ते आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचे पाऊल होय. त्यांनी सायकलीला कवटाळून बसण्याचे नाकारले. सायकल परदेशी कारखान्यात तयार होत होती. दुकानदार कितीही हौशी असला तरी तो विक्रेताच राहणार. त्यांना यंत्र विकावयाचे नव्हते, करावयाचे होते. भोवताली पाहता गिऱ्हाईक होते ते शेतकरी. म्हणून आधी कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांना उपदेशपर चरित्रांत एक वाक्य मिळते. पण कारखान्याचे भाडे, मजुरी आणि कर्जावरचे व्याज यांना दोन वर्षे म्हणजे चोवीस महिनेच असतात.

नांगर खपू लागले तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास सांगितले. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः चित्रकार होते, हौशी माणसाची नड त्यांना समजत असावी. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० च्या मार्च महिन्यात किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पुढे पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईनासा झाला आणि देशी अवजारांना मागणी वाढली. ऊस गाळण्याचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप असा पसारा वाढत गेला. पुतणे शंकरराव यांचा चित्रकलेचा छंदही वाया गेला नाही. कारखान्याच्या जाहिरातींचे काम करता करता त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढले आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके मराठी घरांत पोचली.

आता धुंडिराजांकडे वळू. त्यांच्या छंदांची यादी करावयाची तर चित्रकला, छायाचित्रण, नेपथ्य, ठसे करणे, छपाई आणि जादूचे प्रयोग इतके सगळे येते. जादू ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने करीत. आडनाव उलटे वाचले की झाले. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी नानाविध तंत्रे आत्मसात केली. गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले आणि ते गाव सुटले. १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. तीही स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली. मग लोणावळ्याला छापखाना काढला, रंगीत छपाईचे नवे तंत्र पाहण्यासाठी १९०९ साली जर्मनीस जाऊन आले, आणि भागीदारांशी मतभेद होताच चालत्या व्यवसायातून बाहेर पडले. वयाची चाळिशी, हाती काही नाही, आणि अशा वेळी मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला.

पुढची हकीकत त्यांनी स्वतःच १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिली आहे. आजवर शिकलेल्या साऱ्या कला या एका कलेत लागतात, म्हणून हे आपणास साधेलच, असा विश्वास त्यांना वाटला. त्यांचे म्हणणे खरेच होते. इतरांना धरसोड वाटलेला पंचवीस वर्षांचा नादिष्टपणा एकाएकी शिक्षणक्रम ठरला. परंतु रोज चित्रपट पाहणे आणि अपुरी झोप यांनी डोळे जवळजवळ गेले. उपचारांनी ते परत मिळाले. विमा गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, तेथे तंत्र पाहून घेतले आणि यंत्रसामग्री मागवून परतले. भांडवलदारास खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी तो कॅमेऱ्यापुढे ठेवला आणि थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपत अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. कर्ज मिळाले ते या वाटाण्यावर. जादूगाराला आपले प्रेक्षक कशाने थक्क होतात हे ठाऊक होते.

सरस्वतीबाईंचे नाव या कथेत आदराने घेतले जाते. त्यांचे काम मात्र क्वचितच मोजले जाते. त्यांनी दागिने दिले हे सर्वांस ठाऊक आहे. त्याशिवाय कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे आणि घरातच राहणाऱ्या साऱ्या मंडळीचा स्वयंपाक सांभाळणे, हेही त्याच करीत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके पुढे आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यात जे भांडवल ओतले गेले त्याचा मोठा हिस्सा कोणत्याही जमाखर्चात नोंदला जाण्याजोगा नव्हता. ते एका कुटुंबाचे श्रम होते.

यश आले, भरभरून आले. १९१७ च्या ‘लंकादहन’ने लोकांस वेड लावले. या यशामुळेच भांडवल आपण होऊन दारी आले आणि १९१८ साली भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. छापखान्यात जे घडले तेच येथे पुन्हा घडले. भागीदारांना वेळापत्रक आणि हिशेब हवे होते. फाळक्यांना चित्र मनासारखे हवे होते. ते कंपनी सोडून काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, आणि पुन्हा कंपनीत परतले. पण जुना अधिकार परत आला नाही. बोलपटाने खेळाचे नियमच बदलले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी उभा केलेला उद्योग लक्षावधींची उलाढाल करीत होता आणि त्यात त्यांचा वाटा उरलेला नव्हता. लक्ष्मणराव त्यानंतर बारा वर्षे जगले आणि त्यांनी पाहिलेला कारखाना आजही अनेक शाखांनी विस्तारलेला आहे.

यावरून एकास व्यवहारी आणि दुसऱ्यास अव्यवहारी ठरविणे सोपे आहे. आम्हांस ते पटत नाही. विमा गहाण टाकणारा, परदेशी जाऊन तंत्र आणणारा आणि वाटाणा पेरून कर्ज मिळविणारा माणूस अव्यवहारी कसा म्हणावा? फरक स्वभावात असेलही, पण त्याहून अधिक तो वस्तूत आहे. नांगर एकदा चांगला साधला की तो दुसऱ्याच्या हाताने हजार वेळा घडविता येतो. करणारा दूर झाला तरी फाळ तितकाच खोल जातो. चित्रपटाचे तसे नाही. निदान फाळक्यांच्या हाती तो तसा नव्हता. प्रत्येक चित्र पहिलेच, आणि प्रत्येकात त्यांचा हात हवाच. जो छंद माणसापासून वेगळा काढता येतो त्याचा कारखाना होतो. जो काढता येत नाही त्याचा धंदा, भरभराटीस आला तरी, त्या एका माणसाच्या बळावर आणि मर्जीवर उभा राहतो. भागीदार नेमके तेच बळ हिशेबात धरू शकत नाहीत.

दुसरा फरक वेळेचा आहे. किर्लोस्करांचा छंद पगाराच्या सावलीत वाढला. फाळक्यांनी प्रत्येक वेळी आधी दोर कापले आणि मग उडी घेतली. त्यांच्या उडीचे आज कौतुक होते, कारण ती साधली. तशीच उडी घेऊन ज्यांचे नावही उरले नाही असे किती असतील, हे त्या कौतुकात येत नाही.

दोघांच्या कथेत समान आहे ती गोष्ट निराळीच. हौसेचे मोल हौशी माणसाने एकट्याने कधीच भरले नाही. रामूअण्णांनी दुकान सांभाळले, बाळासाहेबांनी व्याज सोडले, सरस्वतीबाईंनी रात्री जागून फिल्मला छिद्रे पाडली. आवडीच्या कामातूनच पोट भरण्याचा सल्ला देणाऱ्याने या तिघांची नावे आधी सांगावीत. आणि तो घेऊ इच्छिणाऱ्याने आपल्या बाजूला अशी माणसे कोण आहेत, आणि त्यांस आपण काय परत देणार आहोत, हे आपल्या जमाखर्चाच्या वहीत पहिल्या पानावर लिहावे.