दैनंदिन सायकलवापर आणि सामाजिक प्रतिष्ठा : नेदरलँड्स व महाराष्ट्र – एक तौलनिक ऐतिहासिक अभ्यास (अंबाजोगाई परिसराच्या विशेष संदर्भासह)

प्रस्तावना :
वाहतुकीच्या साधनांचा इतिहास हा केवळ तंत्रज्ञानाचा इतिहास नसतो. समाज कोणत्या साधनास प्रतिष्ठा देतो आणि कोणते साधन नाइलाज म्हणून वापरतो, याचाही तो इतिहास असतो. नेदरलँड्समध्ये मंत्री, प्राध्यापक व कामगार एकाच सायकलमार्गाने कामावर जातात. महाराष्ट्रात मात्र उत्पन्न वाढले की प्रथम सायकल सुटते. हा फरक सपाट भूमी, हवामान किंवा राष्ट्रीय स्वभाव यांमुळे पडतो, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची ऐतिहासिक चिकित्सा करण्यात आली आहे.

महाराष्ट्रातील सायकल : प्रतिष्ठेकडून नाइलाजाकडे :
१८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे सायकलींचे दुकान सुरू केले. परदेशातून येणारी ही वस्तू त्या काळी मूठभर सुखवस्तू लोकांच्याच आवाक्यात होती. स्वातंत्र्योत्तर काळात सोनीपत येथे ॲटलास (१९५१) आणि लुधियाना येथे हीरो (१९५६) हे कारखाने उभे राहिले. त्यानंतर सायकल कारकून, शिक्षक, दूधवाले व कामगार यांच्या दारात आली. पुणे 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखले गेले. लहानमोठ्या गावांत ताशी भाड्याने सायकली मिळू लागल्या. विवाहात घड्याळ व रेडिओ यांच्याबरोबर सायकलीचीही मागणी होई, ही बाब हुंड्याच्या अनिष्ट प्रथेबरोबरच सायकलीच्या तत्कालीन प्रतिष्ठेचीही साक्ष देते.

१९७२ मध्ये बजाज चेतक ही स्कूटर व कायनेटिक लुना ही मोपेड बाजारात आली आणि मध्यमवर्गाच्या आकांक्षांची दिशा बदलली. जनगणनेनुसार भारतातील सायकल असलेल्या कुटुंबांचे प्रमाण २००१ मध्ये ४३.७ टक्के होते, ते २०११ मध्ये ४४.८ टक्के झाले. स्कूटर, मोटारसायकल वा मोपेड असलेल्या कुटुंबांचे प्रमाण मात्र ११.७ वरून २१ टक्क्यांवर गेले. म्हणजेच सायकल नाहीशी झाली नाही. ज्यांच्या शब्दाला वजन होते, त्यांनी ती सोडली. परिणामी रस्त्यांचे नियोजन करताना सायकलस्वार विचारातून वगळला गेला.

नेदरलँड्स : जाणीवपूर्वक बदललेली दिशा :
नेदरलँड्सचा इतिहासही आरंभी याच दिशेने जात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर समृद्धी आली, मोटारी वाढल्या आणि सायकलवापर झपाट्याने घटला. १९७१ मध्ये तेथे रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत ४०० हून अधिक बालके होती. या पार्श्वभूमीवर 'बालहत्या थांबवा' अशा नावाचे आंदोलन उभे राहिले. १९७३ च्या तेलसंकटात शासनाने मोटारविरहित रविवार पाळले. त्यानंतर टिलबर्ग व द हेग येथे प्रायोगिक सायकलमार्ग बांधण्यात आले. आज तेथील एकूण प्रवासांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक प्रवास सायकलीने होतात. भूमी पूर्वीही सपाटच होती, तरीही सायकल मागे पडली होती. ती परत आली ती लोकमताच्या रेट्याने व शासकीय निर्णयामुळे.

पुण्यातही २००६ मध्ये बीआरटी मार्गालगत सायकलमार्ग बांधले गेले आणि २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. तथापि शहरभर सलग जाळे निर्माण झाले नाही.

अंबाजोगाई परिसर व विद्यार्थिनी :
निजामकाळात मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत १९३५ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांनी योगेश्वरी विद्यालयाच्या माध्यमातून राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केले. अशा शिक्षणकेंद्राच्या संदर्भात प्रवासाचा प्रश्न हा शिक्षणाच्या संधीचा प्रश्न ठरतो. बालाघाटच्या डोंगररांगांतील चढउतार सायकलस्वारास कष्टाचे आहेत, हे मान्य करावे लागते. परंतु वाडी-वस्तीवरून शाळेत येणाऱ्या मुलीसमोर अनेकदा सायकल की दुचाकी असा पर्याय नसतो. शाळा सुरू ठेवणे की सोडणे, असा तो पर्याय असतो.

बिहारमध्ये २००६ मध्ये मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकली देण्यात येतात. या योजनांचे मोल निर्विवाद आहे. मात्र त्यांत सायकलीकडे गरजूंना द्यावयाचे साहाय्य म्हणून पाहिले जाते, सर्वांचे वाहन म्हणून नव्हे. सायकल दिली जाते, परंतु ती निर्धोकपणे चालविता येईल अशी रस्त्याची कडा दिली जात नाही. बारावीनंतर सायकलही बहुधा घरीच राहते.

निष्कर्ष :
१) सायकलीविषयीची वृत्ती ही भूगोलाची वा राष्ट्रीय स्वभावाची नव्हे, तर प्रतिष्ठा व धोरण यांची निष्पत्ती आहे.
२) महाराष्ट्रात सायकलीची प्रतिष्ठा एकेकाळी होती. त्यामुळे ती येथे परकी नाही.
३) सायकल वाटपाला सुरक्षित रस्त्यांची जोड मिळाल्याशिवाय विद्यार्थिनींना झालेला लाभ टिकणार नाही.
४) प्राध्यापकवर्ग जोपर्यंत सायकलीस विद्यार्थ्यांचे व गरिबांचेच वाहन मानतो, तोपर्यंत महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारापासूनच ही विषमता सुरू होते. तिचे निराकरणही तेथूनच आरंभता येईल.