बिल्ड एन्व्हायर्नमेंटची निवड : वैज्ञानिक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर

सोर्स कोडपासून चालता प्रोग्राम तयार करताना कंपायलर, प्रणालीच्या लायब्रऱ्या, हेडर फाइली, पायथॉनची आवृत्ती आणि कंपायलरला दिलेले पर्याय यांची जी जुळणी लागते, ती बिल्ड एन्व्हायर्नमेंट. वैज्ञानिक सॉफ्टवेअरमध्ये फोरट्रान, सी++ आणि पायथॉन बऱ्याचदा एकाच कामाला जुंपलेले असतात. त्यामुळे निवड चुकली की नुसती एरर येऊन भागत नाही. कधी प्रोग्राम बिनतक्रार चालतो आणि गणित भलतेच होऊन बसते.

मुंबईतले शिकण्याजोगे उदाहरण म्हणजे पवईच्या आयआयटीत, एरोस्पेस विभागात, प्रभु रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले पायएसपीएच. प्रवाही पदार्थ असंख्य कणांच्या रूपात मांडून त्याची गती काढण्याची पद्धत १९७७ मध्ये खगोलशास्त्रासाठी निघाली. पायएसपीएच ती पद्धत वापरते. संशोधक समीकरणे पायथॉनमध्ये लिहितो. पायएसपीएच त्यांतून वेगवान कोड स्वतः रचते आणि संशोधकाच्याच मशीनवर तो कंपाईल करते. पहिल्यांदा प्रोग्राम चालवला की पडदा काही वेळ गप्प राहतो, कारण आत कंपायलर राबत असतो. तयार झालेला भाग होम डिरेक्टरीतल्या एका लपलेल्या फोल्डरात साठतो, म्हणून तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा लगेच सुरू होतो. याचा अर्थ, इथे कंपायलर इन्स्टॉल करण्यापुरता लागत नाही, तो कायमचा सोबती आहे.

लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर आणि पायथॉनच्या हेडर फाइली टाकल्या की बहुतेक काम होते. विंडोजवर नेहमीचा पायथॉन मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेला असतो, म्हणून त्याच कंपनीची बिल्ड टूल्स घ्यावीत. मिंगडब्ल्यू या दुसऱ्या कंपायलरने बांधलेली सी++ लायब्ररी त्यांच्याशी जुळत नाही. मॅकवर जीसीसी असे टाइप केले तरी मुळात ॲपलचा क्लँग हा कंपायलरच चालतो आणि त्यात एकाच मशीनच्या अनेक कोअरवर काम वाटणारी ओपनएमपीची सोय तयार मिळत नाही. ती वेगळी टाकली नाही, तर आठ कोअरच्या मशीनवरही एकच कोअर राबतो.

अनेक संगणकांवर काम वाटायचे झाले, तर प्रोसेसमध्ये निरोपांची देवाणघेवाण करणारी एमपीआय ही व्यवस्था लागते, आणि सर्वांत फसवी चूक इथेच होते. एमपीआयसीएच आणि ओपनएमपीआय हे तिचे दोन वेगळे अवतार. पायथॉनचे एमपीआय पॅकेज एमपीआयसीएचवर बांधलेले आणि प्रोग्राम सुरू करणारी आज्ञा ओपनएमपीआयची, अशी सरमिसळ झाली की चार प्रोसेस सुरू होतात आणि चारही स्वतःला शून्य क्रमांकाची, एकटी समजतात. तेच गणित चारदा होते, एरर मात्र एकही येत नाही. म्हणून मोठे काम लावण्याआधी प्रत्येक प्रोसेसचा क्रमांक छापून पाहावाच.

शीव कोळीवाड्यात राहून माटुंग्याला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या एखाद्याने लॅपटॉपवरच्या नव्या उबुंटूत प्रोग्राम कंपाईल केला आणि लॅबमधल्या जुन्या लिनक्सवर नेला, तर बहुधा तो सुरूच होणार नाही. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची अमुक आवृत्ती सापडली नाही, एवढाच निरोप येईल. जुन्या ग्लिबसीवर बांधलेले नव्यावर चालते, उलटे सहसा जमत नाही. पायथॉनच्या लिनक्स पॅकेजांसाठी ठरवलेला मेनीलिनक्स२०१४ हा पाया म्हणूनच मुद्दाम जुन्या सेंटओएस ७ आणि ग्लिबसी २.१७ वर उभा आहे. मशीनच्या प्रोसेसरला साजेसा वेगवान कोड मागणारा पर्यायही असाच घात करतो: नव्या मशीनवर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत बंद पडतो.

तेव्हा प्रोग्राम जिथे चालणार, तिथेच किंवा त्याच्याहून जुन्या प्रणालीवर बांधावा. शिकणाऱ्याने लिनक्सच्या पॅकेजांपासून किंवा कोंडा या पॅकेज मॅनेजरपासून सुरुवात करावी, पण एका कामासाठी दोन्ही मिसळू नयेत. जोडलेल्या अनेक संगणकांच्या क्लस्टरवर अनेकांच्या वेगवेगळ्या गरजा असतील, तर २०१३ पासून लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत वाढलेले स्पॅक हे पॅकेज मॅनेजर उपयोगी पडते, कारण त्यात कंपायलर आणि एमपीआय नावानिशी ठरवता येतात. प्रोग्राम त्याच्या लायब्रऱ्यांसह बांधून नेणारा कंटेनर सोयीचा असला, तरी यजमान क्लस्टरच्या एमपीआयशी त्याचा मेळ घालावाच लागतो.

बिल्ड एन्व्हायर्नमेंटचा परिणाम उत्तरावरही होतो. दशांश संख्यांची बेरीज कोणत्या क्रमाने केली, यावर शेवटचे अंक बदलतात, आणि कंपायलरचे आक्रमक पर्याय हा क्रम बदलू शकतात. धरण फुटण्याच्या सिम्युलेशनमध्ये पाणी उसळू लागले की एवढासा फरकही वाढत जाऊन कणांच्या जागा वेगळ्या दिसतात. शोधनिबंधात आलेख छापताना कंपायलरची आवृत्ती आणि पर्याय नोंदवणे म्हणूनच आवश्यक आहे. पायथॉनच्या पिप या इन्स्टॉलरने काढलेल्या पॅकेजांच्या यादीत ते येत नाहीत.