सेंट झेवियर्स महाविद्यालय (मुंबई)

सेंट झेवियर्स महाविद्यालय हे मुंबईतील धोबी तलाव परिसरात महापालिका मार्गावर असलेले कॅथलिक ख्रिस्ती महाविद्यालय आहे. जर्मन जेझुइट (येशूसंघीय) धर्मगुरूंनी १८६९ साली त्याची स्थापना केली. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न असून २०१० पासून स्वायत्त आहे.

शैक्षणिक भूमिका

जेझुइट शिक्षणपद्धतीचा पाया १५९९ सालच्या 'रॅशिओ स्टुडिओरम' या नियमावलीने घातला. भाषा, साहित्य, वक्तृत्व व तत्त्वज्ञान यांच्या अभ्यासाने विवेक घडतो आणि असा विवेक श्रद्धेला मारक ठरत नाही, ही त्यामागील धारणा होय. मुंबईत या धारणेची कसोटी लागली, कारण येथील विद्यार्थ्यांत हिंदू, पारशी व मुसलमानही होते. मिशनरी शिक्षणाविषयी समाज साशंक होता. १८३९ साली प्रॉटेस्टंट मिशनरी जॉन विल्सन यांच्या प्रभावाने पारशी तरुणांनी धर्मांतर केल्यावर शहरात मोठी खळबळ उडाली होती. मिशनरी कोणत्या पंथाचा, हा भेद पालकांच्या लेखी फारसा महत्त्वाचा नसावा. कॅथलिक संस्थांनी सामान्यतः धर्मशिक्षण आपल्या धर्मीयांपुरते ठेवून इतरांसाठी नीतिशिक्षणाची सोय केली.

पहिले महायुद्ध

१९१४ साली युद्ध सुरू होताच जर्मन अध्यापक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. बहुतेकांना स्थानबद्ध करण्यात आले किंवा मायदेशी पाठवण्यात आले. त्यांच्या जागी इंग्लंडहून आल्बन गुडियर आले. ते पुढे मुंबईचे आर्चबिशप झाले. स्विस असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर व संस्कृतचे प्राध्यापक रॉबर्ट झिमरमन यांचे अध्यापन मात्र चालू राहिले. युद्धानंतर स्पॅनिश जेझुइटांनी धुरा घेतली. युरोपातील राष्ट्रे परस्परांशी लढत असताना एकाच संघाच्या निरनिराळ्या देशांतील सदस्यांनी हे महाविद्यालय बंद पडू दिले नाही.

फादर हेरास

हेन्री हेरास (१८८८–१९५५) हे १९२२ साली बार्सिलोनाच्या परिसरातून मुंबईत आले. कोणता इतिहास शिकवणार, असे विचारता त्यांनी भारताचा, असे उत्तर दिले. त्याविषयी आपणास काहीच ठाऊक नाही, पण शिकून घेऊ, असेही ते म्हणाल्याचे सांगितले जाते. १९२६ साली त्यांनी इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. आज ती हेरास संस्था म्हणून ओळखली जाते. विजयनगरच्या अरविडु घराण्यावरील त्यांचा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला. सिंधू लिपीचे त्यांनी केलेले वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही. तथापि त्या लिपीची भाषा द्राविडी असावी, हा विचार पुढील अभ्यासकांनीही मांडला. ख्रिस्ती चित्रकलेने भारतीय रूप धारण करावे, असा त्यांचा आग्रह होता आणि गोमंतकीय चित्रकार अँजेलो दा फोन्सेका यांना त्यांनी प्रोत्साहन दिले. फोन्सेकांच्या भारतीय वेषातील मारियेवर त्या काळी अनेक कॅथलिकांनीच आक्षेप घेतला होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणविषयक आणि अन्य धर्मांशी संबंधविषयक अशी दोन्ही घोषणापत्रे २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी प्रसृत केली. हेरास त्यापूर्वी दहा वर्षे दिवंगत झाले होते. १९८१ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.